फळाचे चित्र आणि साखरेचे पाणी

सुरतेच्या उन्हात दारी आलेल्या पाहुण्यास काही थंड द्यावे, हा तेथील जुना शिष्टाचार होय. घट्ट थंड कोको हे तर त्या नगरीचे लाडके पेय. आणि सोस्योचे नाव न ऐकलेला सुरतकर विरळाच. अब्बास अब्दुलरहीम हजूरी यांनी स्वदेशीच्या त्या काळात, १९२३ साली, हे पेय सुरतेत काढले. शंभर वर्षांनी, २०२३ साली, त्या व्यवसायाचा अर्धा हिस्सा रिलायन्सकडे गेला. सोस्यो पिणारा मनुष्य आपण गोड सोडा पीत आहोत हे जाणून पितो. आम्हांस चिंता वाटते ती दुसऱ्याच वस्तूची. ज्या कागदी खोक्यावर रसरशीत आंब्याचे चित्र असते आणि जे हाती देताना 'मुलाच्या पोटात फळ गेले' असे समाधान माता मानते, त्या खोक्याची.

लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात. आईबाप दोघेही कामावर. मुलाच्या दप्तरात एक छोटे खोके टाकले की सकाळची घाई निभावते. त्यांना दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. आजाऱ्याच्या भेटीस जातानाही पूर्वी मोसंबी नेत, आता लिटरभराचे खोके नेतात. आजारी मनुष्य मधुमेही आहे की काय, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही.

कायद्याच्या भाषेत 'रस' आणि 'फळपेय' या दोन निराळ्या वस्तू आहेत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे फळपेयात फळाचा अंश दहा टक्के असला म्हणजे पुरे; लिंबाच्या बाबतीत तर पाचच टक्के. उरलेला मुख्य भाग पाणी व साखर. घट्ट केलेल्या रसात पुन्हा पाणी मिसळून तयार झालेल्या पेयावर 'शंभर टक्के फळांचा रस' असे छापण्यास त्याच प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये मनाई केली. चित्रातला आंबा मात्र अद्याप तसाच पिकलेला आहे!

आता थोडा हिशेब. आंब्याच्या अशा पेयात शंभर मिलिलिटरला तेरा ग्रॅम साखर धरली, तर दोनशे मिलिलिटरच्या एका खोक्यात सव्वीस ग्रॅम होते. चहाचा चमचा चार ग्रॅमचा मानल्यास हे साडेसहा चमचे झाले. घरातील कोणती आई मुलाच्या पेल्यात साडेसहा चमचे साखर घालील? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा दोन हजार कॅलरी लागणाऱ्या प्रौढास दिवसाला पन्नास ग्रॅमची आहे, आणि पंचवीसच्या आत राहणे अधिक बरे, असेही तिने म्हटले आहे. बालकाची मर्यादा अर्थातच याहून कमी.

कोणी म्हणेल, मग निव्वळ रस तरी द्यावा. परंतु त्या संघटनेने रसातील साखरही 'मोकळ्या' साखरेतच गणली आहे. संत्रे चावून खाताना त्यातील साखर चोथ्याच्या जाळ्यात कोंडलेली असते, ती सावकाश अंगी लागते, आणि एकदोन संत्र्यांत पोट भरल्यासारखे होते. रस काढला की चोथा गेला, आणि तीन-चार संत्र्यांची साखर क्षणात घशाखाली उतरली. रस तापवून टिकाऊ करताना क जीवनसत्त्वही घटते. एक वर्षाखालील बालकास फळांचा रस मुळीच देऊ नये, आणि तीन वर्षांपर्यंत दिवसाला चार औंसांहून अधिक देऊ नये, असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ साली दिला.

रस तापवून बाटलीत टिकविण्याच्या या विद्येचा एक धागा प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत जातो, हे वाचकांस कदाचित नवल वाटेल. अमेरिकेतील थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ साली द्राक्षरस आंबू नये म्हणून तापवून बंद केला, तो आपल्या पंथाच्या उपासनेसाठी. दंतवैद्यानेच ही गोडी बाजारात आणावी, हाही एक योगच म्हणावयाचा!

सरकारी करांची रीतही पाहण्याजोगी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बुडबुड्यांच्या फळपेयावर चाळीस टक्के आणि बुडबुड्यांविना असलेल्यावर पाच टक्के कर आहे. दोहोंत साखर सारखीच असली तरी कर वायूवर बसतो, साखरेवर नव्हे. आमच्या मते हे उलटे आहे.

ही साखर येते कोठून, तेही सुरतेस परके नाही. बारडोलीच्या बाजूचे ऊसमळे प्रसिद्ध आहेत, आणि त्यांतील ऊस तोडावयास डांग, नंदुरबार व धुळ्याकडील माणसे हंगामात कोयते घेऊन येतात. त्याच दक्षिण गुजरातेत नवसारी-गणदेवीचे चिकू आणि वलसाडचा हापूस पिकतो. चिकूही गोड खरा, पण तो चोथ्यासकट पोटात जातो. शिवाय सोलून फोडी केल्या तर एका मुलाच्या डब्यापुरते एक फळ पुरते. तहानेला पाणी, ताक, किंवा आपल्या हाताने साखर मोजून घातलेले लिंबाचे सरबत.

खोके घेतलेच, तर भगिनींनी मागील बाजूचे बारीक अक्षर वाचावे. एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन आकडे तेथे असतात. ते बहुधा शंभर मिलिलिटरचे असतात, म्हणून खोक्याच्या मापाने गुणावे. एक खोके दोघा भावंडांत वाटावे आणि जेवणाबरोबर द्यावे. दुपारभर नळीने घोट घोट चोखीत बसल्यास दातांस ते अधिक बाधते.