तेंदूपत्ता घटक
विडीसाठी लागणाऱ्या तेंदूच्या (टेंभुर्णीच्या) पानांच्या खरेदीकरिता आखून दिलेले क्षेत्र. भंडारा हा विडी-उद्योगाचा जुना जिल्हा असून, वनोत्पन्नाच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या १९६९ च्या राज्य कायद्यान्वये येथील तेंदू-क्षेत्र घटकांत विभागले जाते. घटकातील पाने शासनाला वा त्याने नेमलेल्या खरेदीदारालाच घेता येतात. घटकाची सीमा प्रत्यक्षात वाहतूक-परवान्याने राखली जाते. परवान्यावाचून पाने बाहेर नेता येत नाहीत. खरेदीदार एकच असल्याने पाने तोडणाऱ्यांना स्पर्धेचा लाभ मिळत नाही. म्हणून संकलनाचा दर शासन ठरविते. वन हक्क अधिनियम, २००६ अन्वये सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभा मात्र आपल्या क्षेत्रातील पाने स्वतः विकू शकतात. तेवढ्यापुरते मक्तेदारीचे क्षेत्र आकसते.