डायमधून बाहेर पडण्याआधी

पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात लाइट गेली की पहिली धावपळ एक्स्ट्रूडरपाशी, म्हणजे माल वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रापाशी होते. शेजारचा पॉलिथीनवाला त्या वेळी निवांत असतो, कारण त्याचा माल बॅरलमध्ये थिजला तरी लाइट आल्यावर पुन्हा वितळवता येतो. पीव्हीसीला ती सवलत नाही. स्क्रू थांबला की आतला गरम माल आधी पिवळा पडतो, मग तपकिरी, मग काळा. त्यातून नाकाला झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि तोच वायू पुढचं जळणं आणखी वाढवतो. म्हणून जुना ऑपरेटर लाइटची वाट पाहत बसत नाही. तो डाय, म्हणजे मालाला पाइपचा आकार देणारा साचा, उघडतो आणि चिकटलेला माल पितळी पट्टीने खरवडून काढतो. पट्टी पितळीच लागते. लोखंडी हत्याराने डायच्या आतल्या चकचकीत भिंतीवर ओरखडा उठला, तर पुढच्या प्रत्येक पाइपवर तीच रेघ उमटते.

या धावपळीच्या मुळाशी एक जुनी अडचण आहे. पीव्हीसी वाहता करायला जेवढी उष्णता लागते, जवळपास तेवढ्याच उष्णतेत तो बिघडायला लागतो. त्याच्यातले बारीक स्फटिक पूर्ण वितळायला 200 अंशांच्या वर जावं लागतं. काम मात्र 170 ते 200 अंशांच्या चिंचोळ्या पट्ट्यात उरकावं लागतं. स्टॅबिलायझर घातला की थोडा वेळ मिळतो, इतकंच. मग या अर्धवट वितळलेल्या मालात नेमकं वाहतं काय?

याचं उत्तर 1967 मध्ये अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीच्या बेरेन्स आणि फोल्ट या संशोधकांनी दिलं. वॉल्डो सेमन यांनी 1926 मध्ये पीव्हीसी मऊ करून दाखवला तीच ही कंपनी. बेरेन्स आणि फोल्ट यांना दिसलं, की कमी तापमानाला पीव्हीसीचा रस वाहतच नाही. मायक्रॉनभर आकाराचे कण एकमेकांवरून घसरत पुढे जातात. तापमान वाढलं की कणांच्या सीमा पुसट होतात, रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंततात. त्यामुळे एकदा 200 अंशांपर्यंत तापवून पुन्हा 160 अंशांवर आणलेला माल आणि थेट 160 पर्यंतच तापवलेला माल, यांची कृती एकच असूनही ते सारखे वाहत नाहीत. आधी चांगला तापलेला माल जास्त घट्ट निघतो. आपल्यावर काय बेतलंय हे मालाला आठवत असतं, आणि मला या साऱ्या विषयात सगळ्यात विलक्षण वाटते ती हीच गोष्ट.

साबुदाण्याच्या खिचडीत दाणा कच्चा राहून चालत नाही आणि त्याचा लगदा होऊनही चालत नाही, तसंच पाइपचं आहे. कण कमी जुळले तर पाइप ठिसूळ, वाजवीपेक्षा जास्त जुळले तरी तडकण्याची भीती. हे पाहायला पाइपचं टोक तिरकं कापून मिथिलीन क्लोराइडमध्ये बुडवतात. जिथे कण नीट जुळलेले नसतात तिथे कापलेला भाग पांढरा होऊन फुगतो. तयार पाइप हातात आल्यावर त्याने बॅरलमध्ये काय सोसलं, हे असं कळतं.

पण माल डायमध्ये शिरण्याआधीच तो कसा वाहील हे सांगायचं तर? त्यासाठी कॅपिलरी रिओमीटर लागतो, आणि 1980 च्या सुमाराला आपल्याकडच्या छोट्या कारखानदाराला तो परवडणं शक्यच नव्हतं. त्याच्याकडे असायचं ते मेल्ट फ्लो इंडेक्सचं साधं यंत्र. तापलेला सिलिंडर, वर वजन, खाली बारीक भोक. दहा मिनिटांत किती ग्रॅम माल गळला तो आकडा वहीत लिहायचा. पॉलिथीनसाठी 190 अंश आणि 2.16 किलो वजन हा नेहमीचा बेत. रिऑलॉजीच्या, म्हणजे प्रवाहाच्या शास्त्राच्या जाणकारांना हा आकडा फारसा मानवत नसे. तो एकाच संथ वेगाचा, तर डायमध्ये माल त्याच्या कितीतरी पट वेगाने पळतो. शिवाय वेग वाढला की प्लास्टिक पातळ होतं, ते या एका आकड्यात कुठे दिसणार?

पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, याच आकड्याचं सोनं झालं. ए. व्ही. शेणॉय, एस. चट्टोपाध्याय आणि व्ही. एम. नाडकर्णी यांनी 1983 मध्ये दाखवलं, की घट्टपणाला इंडेक्सने गुणलं आणि वेगाला इंडेक्सने भागलं, तर एकाच प्लास्टिकच्या वेगवेगळ्या ग्रेडचे विखुरलेले आलेख एका रेषेवर येऊन बसतात. ही सामायिक रेषा एकदा हाती आली की कारखानदाराने आपला एक आकडा मोजायचा आणि उरलेला आलेख काढायचा. त्याच वर्षी शेणॉय, डी. आर. सैनी आणि नाडकर्णी यांनी ही रीत पीव्हीसीच्या मिश्रणांना लावली. हे धाडसाचं काम होतं. पॉलिथीनची ग्रेड बाजारातून येते. पीव्हीसीची कृती मात्र ज्याची त्याची. स्टॅबिलायझर, वंगण, कॅल्शियम कार्बोनेट यांचं प्रमाण प्रत्येक कारखान्यात वेगळं. महागडं यंत्र नसलेल्या माणसासाठी इतक्या वरच्या दर्जाचं काम झालं, याचा मला फार अभिमान वाटतो.

एनसीएलमध्ये ही हवा तयार होण्यात डॉ. रघुनाथ माशेलकर यांचा वाटा मोठा. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईच्या यूडीसीटीतून पीएचडी केलेले आणि इंग्लंडमध्ये सॅलफर्डला रिऑलॉजी शिकवणारे माशेलकर 1976 मध्ये पुण्याला आले, 1989 मध्ये संचालक झाले. बेंगळुरूच्या व्हाइटफील्डचा किस्सा त्यानंतरचा. पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या साखळ्या लांब करत नेल्या की वितळलेला माल इतका घट्ट होतो, की तो ढवळणंच अशक्य होऊन बसतं. एनसीएलच्या रसायनशास्त्रज्ञांनी तो वितळवायचाच नाही, घन अवस्थेतच साखळ्या वाढवायच्या, असा मार्ग काढला आणि त्याचं अमेरिकन पेटंट घेतलं. पॉलिकार्बोनेट हा जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचा हुकमी धंदा होता. पेटंट पाहून ती कंपनी नव्वदच्या दशकात पुण्याशी करार करायला आली. माशेलकर स्वतः पुढचं सांगतात: हे लोक इतके चांगले असतील तर आपण तिथे का नाही, असा प्रश्न कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांच्या मनात आला. 2000 मध्ये व्हाइटफील्डला कंपनीचं संशोधन केंद्र उभं राहिलं. त्याला वेल्च यांचंच नाव दिलं गेलं. जेट इंजिनं आणि वैद्यकीय उपकरणांच्या बरोबरीने तिथे प्लास्टिकवरही काम सुरू झालं. 2007 मध्ये कंपनीने प्लास्टिकचा धंदा सौदी अरेबियाच्या साबिकला 11.6 अब्ज डॉलरला विकला.

ज्या पॉलिकार्बोनेटपासून हे सगळं सुरू झालं, त्याची खोड पीव्हीसीहून वेगळी आहे. त्याला ओल सोसत नाही. दाणे 120 अंशांवर तीन-चार तास न वाळवता मशीनमध्ये घेतले, तर पाण्याने साखळ्या तुटतात, आणि वस्तू वरून नितळ दिसत असली तरी थोड्या मारानेही तडकते. तडकलेली वस्तू हातात आली की आजही आधी तिचे तुकडे करून, वाळवून, त्याच साध्या यंत्रात घालतात आणि मूळ दाण्यांच्या शेजारी ठेवून बघतात. इंडेक्स बराच चढलेला निघाला, तर साचा तपासण्याआधी ड्रायर तपासायचा.