विमानांच्या वाटेखाली

‘‘काका, तुम्ही विमानतळावर असता ना? मग आम्हांला एकदा जवळून विमान दाखवा की!’’ असा लकडा आमच्या सोसायटीतली मुले माझ्यामागे नेहमी लावतात. खरे सांगायचे तर मी कित्येक वर्षे विमानतळाभोवती हिंडतो आहे. पण प्रवासी म्हणून गेलो तेवढाच आत गेलो. माझे काम भिंतीबाहेरचे. खांब रोवायचे, त्यांवरून काचेची तार ओढायची, आणि विमानांच्या वाटेत यायचे नाही.

काचेची तार म्हटले की पुष्कळांना थट्टा वाटते. आमच्या सौभाग्यवतींनाही वाटली होती. ‘‘काच कधी वाकते का?’’ त्या म्हणाल्या. मी लेप चढवलेला एक तुकडा त्यांच्या बोटाभोवती गुंडाळून दाखवला, तेव्हा कुठे खात्री पटली. या काचेची जाडी मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याइतकी. एका टोकाला सोडलेला प्रकाश आतल्या आत परतत परतत दुसऱ्या टोकाला निघतो, आणि त्या प्रकाशाच्या उघडझापीतून तुमचे बोलणे, चित्रे, बँकेचे हिशेब, सारे काही जाते. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी गणित मांडले, की काच इतकी शुद्ध करा की एक किलोमीटरनंतर निदान शंभरावा हिस्सा प्रकाश उरेल. मग हे जमेल. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंगच्या संशोधकांनी ती अट पुरी केली. आजच्या काचेतून पंधरा किलोमीटर गेल्यावरही जवळजवळ निम्मा प्रकाश शिल्लक असतो. काओ यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

अशी तार जमिनीखालून न्यावी हे उत्तम. पण मुंबईच्या रस्त्याखाली पाण्याचे नळ, विजेच्या केबली आणि गटारे यांची इतकी दाटी, की पहार मारायला भीती वाटावी. त्यातून पावसाळ्यात रस्ता खणू देत नाहीत. म्हणून कधी कधी तार वरून न्यावी लागते. गेल्या वर्षी वैशाखात असेच एक काम माझ्याकडे आले. विमानतळाच्या पूर्वेला, कुर्ल्याच्या बाजूने, दोन वसाहती, एक शाळा आणि एक प्रसूतिगृह जोडायचे होते. तेही पावसाळ्याच्या आत.

मुंबईत वारा बहुधा पश्चिमेचा. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरते, म्हणून बहुतेक विमाने घाटकोपर-कुर्ल्यावरून खाली येतात. आता एक कल्पना करा. धावपट्टीच्या टोकाबाहेर ६० मीटर जागा सोडून तिथून एक अदृश्य उतरता पत्रा आकाशात तिरपा उभारला आहे. दर ५० मीटरला तो १ मीटर चढतो. आपले घर, झाड, खांब, सारे त्या पत्र्याच्या खाली राहिले पाहिजे. विमानतळाभोवतालच्या रंगीत नकाशात लाल पट्ट्यात आलात, की खांबासाठीदेखील विमानतळ प्राधिकरणाचा ना हरकत दाखला लागतो. आणि त्यात उंची मोजायची ती जमिनीपासून नव्हे, समुद्रसपाटीपासून.

कामाच्या रीतीही वेगळ्या. खांब क्रेनने उभा करायचा नाही, कारण क्रेनचा दांडा खांबाहून उंच जातो. आम्ही बल्ल्या आणि दोर लावून खांब उभे केले. रात्रीच्या दिव्याचे तोंड जमिनीकडे. वडापावाचे कागद पिशवीत; उष्ट्याला घारी जमतात आणि घारी विमानाला घातक. तारही निवडक. तिच्यात धातूचा कण नाही. वजन पेलायला पिवळ्या ॲरामिडचा धागा, जो गोळी अडवणाऱ्या चिलखतात वापरतात. धातू नसला की विमानाला वाट दाखवणाऱ्या रेडिओलहरींना उपसर्ग होत नाही.

कामाला आठवडा झाला असेल. आमचे मुकादम हातगाडीवरून खांब घेऊन आले आणि घाम पुसत म्हणाले, ‘‘काका, ह्या जागेला गाडी लावताना दोन गडी जास्त लागले.’’

‘‘उकाडा आहे,’’ मी म्हणालो.

‘‘उकाडा कालपण होता. इथं चढ आहे.’’

मी चमकलो. जागा डोळ्यांना सपाट दिसत होती. दुतर्फा झोपड्या, त्यामुळे चढ कळत नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दुर्बीण आणि पट्टी घेऊन गेलो. कोणे एके काळी टाकलेल्या भरावावर ती गल्ली वसली होती, आणि तिची पातळी धावपट्टीहून तब्बल तीन मीटर वर होती! अर्जातल्या तक्त्यात मात्र ती जागा शेजारच्या खांबांच्याच पातळीला दाखवली होती. खाली सही होती माझी. पाहणीच्या दिवशी ऊन फार म्हणून मी तेवढ्या टप्प्याची पातळी अंदाजाने भरली होती.

तिथेच पायरीवर बसून हिशेब केला. जागा धावपट्टीच्या टोकापासून ५०० मीटर. त्यातले ६० वजा जाता उरले ४४०. म्हणजे तिथे पत्रा ८.८ मीटरवर. आमचा खांब आठ मीटरचा, १.४ मीटर जमिनीत, ६.६ वर. त्यात भरावाचे ३ मिळवले की ९.६. ऐंशी सेंटिमीटर जास्त!

कंत्राटदारांना सांगितले, तेव्हा ते आधी हसले. ‘‘ऐंशी सेंटिमीटर? माझी नात तेवढी आहे! विमान तिथून किती उंचावरून जाते?’’

‘‘चाळीस मीटर तरी,’’ मी म्हणालो.

‘‘मग झाले तर! दाखला हातात आहे. उभा करा.’’

‘‘दाखला माझ्या चुकीच्या आकड्यावर मिळालेला आहे.’’

‘‘बरे, मग तो खांबच गाळा. इकडच्या खांबावरून तिकडच्यावर तार ओढा.’’

हेही शक्य नव्हते. पन्नास मीटरच्या गाळ्यात आमच्या तारेला अर्धा मीटर झोळ पडत होता. ताण तोच ठेवून अंतर दुप्पट केले, की झोळ दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणजे दोन मीटर. पुढे रस्ता होता. तार तिथे चार-सव्वाचार मीटरवर आली असती, आणि त्या रस्त्याने साडेचार मीटर उंचीच्या कंटेनरगाड्या जातात. वर विमान, खाली गाडी. आमची तार मधल्या फटीत!

उपाय साधाच होता. भरावावर बुटका खांब लावायचा. पण त्यासाठी नवी मोजणी, नवा अर्ज, नवा खांब. तोवर पाऊस लागणार, आणि मुदत टळल्याचा दंड बसणार. ‘‘तो तुमच्या बिलातून जाईल,’’ कंत्राटदार म्हणाले. त्यांचे तरी काय चुकले?

त्या रात्री मला झोप नव्हती. विमान चाळीस मीटरवरून जाते हे खरेच होते. पण ते नेहमीच्या रात्री. नियम करणाराने धो-धो पावसातली, वाऱ्याने विमान खाली दाबलेली, एक इंजिन बंद पडलेली रात्र डोळ्यांपुढे ठेवलेली असते. त्या रात्रीसाठी राखलेल्या जागेतली ऐंशी सेंटिमीटर मी कोणाला न विचारता घेणार होतो. सौभाग्यवतींना सारे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘बंगलोरहून आपली लेक येते ते विमान तिकडूनच उतरते ना?’’

सकाळी मी चूक लेखी कळवली. नव्या दाखल्याला वेळ लागला. आषाढसरींच्या उघडिपीत आम्ही तो बुटका खांब उभा केला. जमिनीवर पाच मीटर. भराव धरून आठ. दंड बसला, बिलातून रक्कम कापली गेली, आणि घराला रंग देण्याचा बेत पुढे ढकलला. पण श्रावणात प्रसूतिगृहाची तार सुरू झाली, तेव्हा तिथल्या परिचारिकेने आम्हां सर्वांना पेढे दिले. मुकादमांना मी दोन दिले.

धनत्रयोदशीला लेक आली. मी तिला आणायला विमानतळावर गेलो होतो. गाडीत बसल्यावर तिला म्हणालो, ‘‘उतरताना आमचा एक बुटका खांब लागतो वाटेत.’’

‘‘मला कसा दिसणार बाबा तो?’’

‘‘दिसला नाही ना? मग ठीक आहे,’’ मी म्हणालो, आणि तिची बॅग मांडीवर घेतली.