घरात समुद्र आणण्यापूर्वी

दिवाणखान्यात प्रवाळाचे मोठे मत्स्यालय असावे, अशी हौस नाशिकसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातही दिसते. हौसेला मोल नसते, पण हिशेब हवा. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पेटीत सुमारे ५६५ लिटर पाणी मावते. काच-दगड धरून वजन सहाशे किलोच्या पुढे जाते. स्लॅबविषयी अभियंत्याला आधी विचारावे. लिटरमागे ३५ ग्रॅम मत्स्यालयाचे मीठ लागते. पाणी आटले तरी मीठ मागे राहते, म्हणून भर गोड्या शुद्ध पाण्याचीच घालावी. घाण पचवणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडू नयेत. पाणी २५ अंशांच्या आसपास हवे. आपल्याकडचा उन्हाळा आणि जाणारी वीज येथे नडते.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. दगडी प्रवाळ हा सजीव आहे. २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, त्याला संरक्षण आहे. २०२० साली मुंबईत सागरी किनारा रस्त्यासाठी प्रवाळाच्या १८ वसाहती हलवायच्या, तर महापालिकेलाही परवानगी घ्यावी लागली. तेव्हा दुकानदार 'चालतंय' म्हणाला तरी आम्ही म्हणू, कृत्रिम खडक मांडा आणि टाकीत पैदास झालेले क्लाऊन मासे मागा. प्रवाळ पाहण्यासाठी मुलांना मालवणला न्यावे.