टपकणारे ऑइल, गळणारी कमाई

अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. १९९४ साली आलेली टाटा सुमोही २०१९ साली बंद झाली. तरी अशी एखादी जुनी डिझेल गाडी ज्यांच्या दारात आहे व जिच्यावर घर चालते, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

आमच्या परिचयाच्या महाबळेश्वरच्या एका टॅक्सीचालक बंधूंनी मे महिन्याच्या तोंडावर इंजिनचे काम केले. पाचव्या दिवशी पसरणी घाटात ऑइलचा लाल दिवा लागला. पाहतात तो चेंबरमध्ये ऑइलच नाही! गाडी तिथेच बंद केली म्हणून क्रँक व बेअरिंगे वाचली. पण ऐन सीझनमधले चार दिवस बुडाले आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे गॅरेजमध्ये गेले.

आम्ही पेशाने कारकून. पण दुसऱ्यांदा काम निघाले तेव्हा त्यांच्यासोबत बसून सारे पाहिले. चूक एकच होती. घाई!

जुने पॅकिंग पुन्हा वापरू नये. दोन्ही पृष्ठभागांवरचे जुने पॅकिंग पूर्ण काढून, पुसून कोरडे करावे. अ‍ॅल्युमिनियमच्या भागावर लोखंडी पाते चालवू नये; एक ओरखडाही गळतीला पुरतो. चेंबरचा पत्रा बोल्टच्या भोकांपाशी फुगलेला असेल, तर लाकडावर ठेवून हलक्या हाताने सपाट करावा. सिलिकॉन पातळच लावावे. जादा लावलेले आत गळून पडते आणि ऑइलची जाळी तुंबवते.

बोल्ट मधून बाहेर, समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत सारखे आवळावेत. जास्त जोर म्हणजे जास्त पक्के, हा गैरसमज आहे. त्याने पत्रा वाकतो. ड्रेन नटाला नवा वॉशर घालावा. नव्या ऑइल सीलच्या ओठाला ऑइल लावून ते चहूबाजूंनी सारखे बसवावे.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे ब्रीदर. तो तुंबला की इंजिनमधला दाब बाहेर पडत नाही आणि नवे सीलही ऑइल फेकते. म्हणून सील बदलण्याआधी ब्रीदर साफ करावा. तो साफ असूनही ऑइल भरायच्या तोंडातून जोराने धूर येत असेल, तर रिंगा झिजल्या असाव्यात. तिथे सील बदलून पैसे वाया घालवू नयेत.

काम झाल्यावर इंजिन बाहेरून पुसावे, गाडी गरम होईपर्यंत चालवावी आणि रात्री खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे. सकाळी डाग कुठे पडला ते पाहून मगच घाट उतरावा. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर भरवसा ठेवू नये, भक्कम ठोकळे लावावेत.

आणखी एक. काढलेले काळे ऑइल ओढ्यात ओतू नये. कृष्णा, कोयना, वेण्णा इथेच उगम पावतात. ते पाणी खाली कुणाच्या तरी हंड्यात जाते.

एक दिवस जादा लागला तरी चालेल, बंधूंनो. पण काम एकदाच व्हावे.