दोन महिने नोकरी, दहा महिने बडदास्त

अँगस वळूच्या रुबाबावर जाऊ नका. अंग काळं कुळकुळीत, डोक्यावर शिंगांचा पत्ता नाही, वजन टनाच्या आसपास. पण अमेरिकेतल्या माँटाना, डाकोटा, नेब्रास्काच्या घरच्या रँचवर सगळ्यांत नाजूक तब्येत याचीच. पुढच्या वर्षीची वासरं, म्हणजे घराची कमाई, त्याच्या जिवावर. त्यामुळे कौतुकही जावयासारखं.

नेमून दिलेल्या गायी

हंगाम साधारण साठ दिवसांचा. पूर्ण वाढलेल्या वळूच्या वाट्याला 25 ते 30 गायी येतात. नवख्यासाठी रँचवाल्यांचा ठोकताळा सोपा आहे: वय जितके महिने, तितक्या गायी. पंधरा महिन्यांच्या पोराला पंधरा, बास. या दिवसांत त्याला चरण्याची शुद्ध नसते. 50 ते 90 किलो वजन सहज उतरतं. म्हणून कुरणात सोडताना अंगावर थोडी चरबी हवी. थोडीच! खुराक जास्त झाला तर चरबी अंडकोशाच्या मुळाशी साठते, तिथली उष्णता बाहेर पडत नाही आणि बीज बिघडतं.

टेप घेऊन येणारे डॉक्टर

हंगामाआधी प्रत्येक वळूची परीक्षा होते आणि तीत लाजायला जागा नाही. वळूला लोखंडी खोड्यात उभं करतात. डॉक्टर अंडकोश हाताने खाली ओढून धरतात आणि सर्वांत रुंद भागाभोवती टेप लावतात. पंधरा महिन्यांपर्यंतच्या वळूचा घेर निदान 30 सेंटिमीटर भरला पाहिजे. मग वीर्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. काच आधी कोमट करून घेतात, कारण गार काचेवर धडधाकट शुक्रजंतूही थंडावतात आणि चांगला वळू विनाकारण नापास होतो. निदान 30 टक्के शुक्रजंतू नीट पुढे सरकणारे आणि 70 टक्के आकाराने निर्दोष असले, तर पास.

गंमत म्हणजे या परीक्षेत मुख्य प्रश्नच विचारत नाहीत: गडी कामाचा आळशी तर नाही ना? ते कुरणात सोडल्यावरच कळतं. म्हणून शहाणा मालक पहिले काही दिवस कुंपणाशी उभा राहून नुसतं बघतो. शेजाऱ्यांना वाटतं, याला काही कामधंदा नाही.

आणखी एक खोच. शुक्रजंतू तयार व्हायला जवळपास दोन महिने लागतात. एप्रिलमधल्या तापाची किंमत जूनमध्ये मोजावी लागते.

थंडी नेमकी कुठे वाजते?

नॉर्थ डाकोटात पारा उणे 30 पर्यंत उतरतो, वर बोचरा वारा. वळूचे पाय, पाठ सगळं निभावतं. गारठतो तो अंडकोश. म्हणून वाऱ्याला आडोसा आणि खाली पेंढ्याची जाड गादी. वसंतात खपल्या दिसल्या की मालकाच्या पोटात गोळा येतो.

फॅशनचे बळी

1950 च्या दशकात प्रदर्शनांत बुटकेपणाची टूम होती. बक्षीस मिळवणारे वळू जेमतेम माणसाच्या पट्ट्याएवढे उंच असायचे. मग लंबक उलटा गेला आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत उंचच उंच, लांब टांगांचे वळू हवेसे झाले. दोन्ही वेळा गायींना कुणी विचारलं नव्हतं.

खानदान

मूळ गाव स्कॉटलंडचा ईशान्य भाग. तिथले पशुपालक ह्यू वॉटसन यांचा ‘ओल्ड जॉक’ हा वळू 1842 चा. वंशावळीच्या नोंदवहीत त्याचा क्रमांक पहिला. त्यांचीच ‘ओल्ड ग्रॅनी’ ही गाय 29 वासरं देऊन पस्तिशीत गेली, तीही वीज पडून. अमेरिकेत 1873 मध्ये जॉर्ज ग्रँट यांनी कॅन्ससला चार अँगस वळू नेले, तेव्हा बिनशिंगी काळी जनावरं बघून लोकांनी नाकं मुरडली. शिंगांच्या गायींना वासरं मात्र बिनशिंगीच होऊ लागली, कारण हा गुण बापाकडून ठासून उतरतो.

भाव ऐकून बसा

2019 मध्ये नॉर्थ डाकोटातल्या एका लिलावात ‘एसएव्ही अमेरिका 8018’ हा वर्षभराचा वळू 15 लाख 10 हजार डॉलरला गेला; तेव्हाच्या दराने दहा कोटी रुपयांच्या वर. अर्थात अशा वळूची खरी कमाई कुरणात नाही, वीर्याच्या नळकांड्यांत: अर्ध्या मिलिलिटरची एकेक कांडी, उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये. साधा रँचवाला मात्र कॅटलॉगमध्ये आधी वासरांच्या जन्मवजनाचा आकडा शोधतो. पहिलारू कालवडीसाठी वासरू लहान हवं. नाहीतर रात्री दोनला गोठ्यात दोरी ओढत बसा.

आपलं नातं

टेक्सासच्या उन्हात काळ्या अँगसची दमछाक होते. त्यावर तोडगा ‘ब्रँगस’: पाच अष्टमांश अँगस, तीन अष्टमांश अमेरिकी ब्राह्मन. हा ब्राह्मन घडला भारतातून गेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोऱ्यातल्या गुरांतून. म्हणजे सांगली-साताऱ्याकडचं रक्तही टेक्सासच्या कुरणात चरतंय!

निवृत्ती

बहुतेक वळूंना म्हातारपणापर्यंत थांबावं लागत नाही. दोन-तीन वर्षांत त्याच्या स्वतःच्या मुली कळपात माजावर येऊ लागतात, आणि बापाला तिथून हलवावंच लागतं. तोवर पाय आणि खूर शाबूत असतील तर दुसऱ्या रँचवर बदली होते. नसतील तर बाजार, आणि तिथे वंशावळ कुणी विचारत नाही, भाव किलोवर.