जनमत कौल, ख्रिस्ती मते आणि डॉ. जॅक सिक्वेरा

गोव्याचे पहिले विरोधी पक्षनेते डॉ. जॅक डी सिक्वेरा यांचे नाव मराठी लेखनात निघते ते बहुधा एकाच विधानाच्या ओघात : १९६७ साली विलीनीकरणाच्या प्रश्नावर झालेल्या जनमत कौलात ख्रिस्ती मतदारांनी एकगठ्ठा मते दिली म्हणून गोवा महाराष्ट्रात आला नाही, आणि सिक्वेरा हे त्या गठ्ठ्याचे पुढारी होते. हे विधान इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे केले जाते की त्याचा ताळा करून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. वास्तविक हा ताळा शाळकरी अंकगणिताच्या पलीकडचा नाही, आणि तो केला की विधानाचा पूर्वार्ध टिकत नाही व उत्तरार्ध निम्माच उरतो.

आधी गैरसमजाला आधार कोठून मिळतो ते पाहिले पाहिजे, कारण तो अगदीच हवेतून आलेला नाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर डिसेंबर १९६३ मध्ये तेथे पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि तीस जागांच्या त्या सभागृहात दोन प्रादेशिक पक्ष समोरासमोर उभे राहिले. दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, म्हणजे ‘मगो’ला, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असे वाटत होते, वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्स पक्षाला गोव्याचे वेगळे अस्तित्व हवे होते. या दुसऱ्या पक्षाला बारा जागा मिळाल्या आणि त्या मुख्यतः ख्रिस्ती वस्ती दाट असलेल्या भागांतून आल्या, तर मगोचे बळ हिंदू बहुजन समाजात, विशेषतः कुळांमध्ये म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांमध्ये होते. स्वातंत्र्यलढ्याचे पुण्य गाठीशी असलेल्या काँग्रेसला सगळी मिळून एकच जागा मिळाली आणि तीही गोव्यात नव्हे, दमणमध्ये. तेव्हा १९६३ चे मतदान बऱ्याच अंशी धर्म आणि जात यांच्या रेषांवर झाले, हे कोणी नाकारत नाही. चूक होते ती पुढे, जेव्हा १९६३ ची ही विभागणी उचलून जशीच्या तशी १९६७ च्या कौलावर बसवली जाते.

१६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या कौलाचे आकडे असे आहेत. गोव्यातील नोंदलेले मतदार ३,८८,४३२. त्यांपैकी मतदान करणारे ३,१७,६३३, म्हणजे जवळपास ८२ टक्के. संघराज्यक्षेत्र म्हणून, म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून, वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, आणि उरलेली सात हजारांच्या आसपास मते बाद ठरली. फरक ३४,०२१ मतांचा होता. दुसऱ्या शब्दांत, वेगळे राहण्याच्या बाजूची सतरा हजारांहून थोडी अधिक मते दुसरीकडे वळली असती, तर निकाल उलटला असता. हा सतरा हजारांचा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

आता ख्रिस्ती मतांचे माप घेऊ. मुक्तीच्या आधल्या वर्षी, १९६० साली, झालेल्या जनगणनेत गोव्यातील ख्रिस्ती लोकसंख्येचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या वर नव्हते, आणि १९७१ च्या जनगणनेत गोवा, दमण व दीव मिळून ते ३२ टक्क्यांच्या आसपास उतरले होते. म्हणजे १९६७ साठी ३८ टक्के धरणे ही गैरसमज बाळगणाऱ्याला दिलेली पुरेपूर सवलत आहे. मतदान गुप्त होते आणि मतदारांची धर्मवार नोंद ठेवली जात नाही, त्यामुळे नेमके कोणी कोठे मत दिले हे सिद्ध करता येत नाही. पण किमान किती मते ख्रिस्तेतर असलीच पाहिजेत हे मात्र काढता येते. सगळ्या समाजांनी सारख्याच प्रमाणात मतदान केले आणि एकूण एक ख्रिस्ती मत वेगळे राहण्याच्या बाजूने गेले असे मानले, तर ३,१०,३६१ वैध मतांपैकी सुमारे १,१८,००० मते ख्रिस्ती ठरतात, आणि १,७२,१९१ चा आकडा गाठायला ५४ हजार मते अन्य धर्मीयांची लागतात. निकाल फिरवायला लागणाऱ्या मतांच्या तिपटीहून ही संख्या अधिक आहे.

यावर एक उत्तर ठरलेले असते : ख्रिस्ती मतदार शंभर टक्के बाहेर पडले, हिंदू घरी बसले. हेही मान्य करून पाहावे. मतदारयादीतील प्रत्येक ख्रिस्ती माणूस, आजारी, अंथरुणाला खिळलेला आणि बोटीवर नोकरीला गेलेलाही, मतदान केंद्रावर आला आणि त्याने एकाच बाजूला शिक्का मारला, अशी अशक्य कल्पना केली तरी ती मते १,४७,६०० च्या पुढे जात नाहीत. तरीही साडेचोवीस हजार मते कमी पडतात, म्हणजे सतरा हजारांहून पुन्हा बरीच अधिक. थोडक्यात, कितीही ओढाताण केली तरी हजारो हिंदू आणि मुसलमान मतदारांनी विलीनीकरणाला नकार दिल्याशिवाय हा निकाल लागूच शकत नव्हता. इतका साधा हिशेब साठ वर्षांच्या आसपास कोणी करू नये आणि विधान मात्र पिढ्यान्‌पिढ्या सरकवत राहावे, याचे नवल वाटते.

ज्यांना अंकगणित पटत नाही त्यांच्यासाठी आणखी एक पुरावा आहे, आणि तो बहुधा अधिक बोलका आहे. कौलानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, २८ मार्च १९६७ रोजी, त्याच गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या मगोचा जन्मच विलीनीकरणासाठी झाला होता त्या मगोला तीसपैकी सोळा जागा मिळाल्या. सिक्वेरांच्या बाजूला पुन्हा बाराच. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. राज्यकर्ता म्हणून बांदोडकर हवेत, पण महाराष्ट्र नको, असे म्हणणारा मोठा मतदारवर्ग अस्तित्वात होता, आणि तो ख्रिस्ती नव्हता हे सांगायला वेगळ्या संशोधनाची गरज नाही. मगोला मत म्हणजे विलीनीकरणाला मत, हे समीकरण मतदाराने स्वतःच मोडून दाखवले होते. त्याला ते मोडता आले याचे एक कारण मतपत्रिकेत होते. तिच्यावर मगोचा सिंह नव्हता आणि युनायटेड गोवन्सचा हातही नव्हता. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळे राहण्यासाठी दोन पाने, अशी दोनच नवी चिन्हे छापलेली होती, त्यामुळे पक्षाशी इमान आणि प्रश्नाचे उत्तर या दोन गोष्टी मतदाराला एकमेकींपासून सोडवून घेता आल्या.

हिंदू मतदाराने दोन पानांवर शिक्का का मारला असावा, याची कारणे धर्मात शोधण्यापेक्षा रोजच्या व्यवहारात शोधणे अधिक योग्य. विलीन झालेला गोवा महाराष्ट्रातील एक जिल्हा झाला असता, आणि शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याची त्या काळातील दैना सीमेपलीकडून दिसतच होती. सरकारी नोकरांना आपली सेवाज्येष्ठता मुंबईच्या सचिवालयातील याद्यांत हरवेल अशी भीती होती. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी लागू होती, आणि माडाची सुर व काजूची फेणी यांवर पोट असलेल्या रेंदेरांच्या, म्हणजे माडाला चढून सुर काढणाऱ्यांच्या, घरांत हा काही तात्त्विक प्रश्न नव्हता. याच्या उलट, भाटकारांच्या म्हणजे जमीनमालकांच्या सत्तेतून सुटण्याचा मार्ग मुंबईकडे जातो असे मानणारा बहुजन मतदारही तितकाच व्यवहारी होता. त्याला भाषिक वेडा ठरवणे आणि दुसऱ्याला पोर्तुगीजधार्जिणा ठरवणे, ही दोन्ही सोयीची लेबले आहेत.

शिवाय विरोधाचा प्रचार केवळ चर्चच्या आवारात झाला, ही समजूतही वस्तुस्थितीला धरून नाही. मडगावहून निघणाऱ्या ‘राष्ट्रमत’ या दैनिकाने विलीनीकरणाविरुद्ध आघाडी उघडली ती मराठीत. चंद्रकांत केणी यांच्यासारखे संपादक आणि ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहिणारे उदय भेंब्रे हे दोघेही हिंदू होते आणि त्यांचा वाचक मराठी वाचणारा होता. रवींद्र केळेकरांसारखे गांधीवादी लेखक त्याच बाजूला होते, आणि उल्हास बुयांव यांची गाणी गावोगाव ऐकली जात होती. समोर ‘गोमन्तक’ हे तितकेच प्रभावी मराठी दैनिक विलीनीकरणाची बाजू मांडत होते. म्हणजे या वादाचा बराच मोठा भाग मराठी विरुद्ध मराठी असा लढला गेला, ही गोष्ट ‘मराठीद्वेषातून गोवा दुरावला’ असे म्हणणाऱ्यांच्या कथेत कोठेच बसत नाही.

मग सिक्वेरा यांचे श्रेय काय उरते? ते प्रचारापेक्षा कार्यपद्धतीत आहे, आणि विरोधी पक्षनेता म्हणून त्यांच्या कारकिर्दीचे खरे मोल येथेच मापले पाहिजे. मगोचे म्हणणे असे होते की १९६३ ची निवडणूक हाच लोकांचा कौल होता. त्या आधारावर १९६५ च्या आरंभी गोवा विधानसभेत विलीनीकरणाचा ठराव संमत झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही त्याला दुजोरा दिला. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद ३ नुसार संसदेचा आहे आणि तो वापरण्याआधी लोकांचे मत घेण्याचे कोणतेही बंधन संसदेवर नाही. सभागृहात संख्याबळ नसलेल्या नेत्यापुढे अशा वेळी सभात्यागाखेरीज फारसे काही नसते. सिक्वेरा यांनी मात्र प्रश्नच सभागृहातून बाहेर काढण्याचा आग्रह धरला : आमदार निवडताना दिलेले मत आणि प्रदेशाचे भवितव्य ठरवणारे मत ही एक नव्हेत, म्हणून मतदाराला थेट विचारा. या मागणीसाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत पाठपुरावा केला, आणि १९६६ च्या अखेरीस संसदेने जनमत कौलासाठी स्वतंत्र कायदा केला.

याच्या जोडीची दुसरी मागणी अशी होती की विलीनीकरणवादी सरकार सत्तेवर असताना कौल निःपक्ष होणार नाही. ३ डिसेंबर १९६६ रोजी बांदोडकरांनी राजीनामा दिला आणि कौल राष्ट्रपती राजवटीत झाला. निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याने एका प्रश्नाच्या निर्णयासाठी खुर्ची सोडावी, हे बांदोडकरांच्याही मोठेपणाचे लक्षण आहे, आणि सिक्वेरांच्या चाहत्यांना त्याचा उल्लेख टाळण्याची सवय आहे. सगळेच सिक्वेरांच्या मनासारखे झाले असेही नाही : मुंबईच्या कुडांत, म्हणजे गावकीच्या सामायिक निवासांत, आणि अन्यत्र राहणाऱ्या गोमंतकीयांनाही मताचा अधिकार मिळावा, ही मागणी मान्य झाली नाही.

यावरून दुसऱ्या टोकाच्या गैरसमजाचाही समाचार घेतला पाहिजे. सिक्वेरा यांना ‘जनमत कौलाचे जनक’ म्हणतात, आणि गोव्यात त्यांच्या पुतळ्याची मागणी होते तेव्हा कौल जणू त्यांनी एकट्याने आणला असे चित्र रंगवले जाते. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीत पंतप्रधानांपर्यंत जाऊन केलेली मनधरणी वगळली तर केंद्राने हा निर्णय घेतला असता की नाही, याची शंका घ्यायला भरपूर जागा आहे. सिक्वेरांचा स्वतःचा पक्षही एकसंध नव्हता. त्यांच्याप्रमाणेच डॉक्टर असलेले आल्व्हारो द लोयोला फुर्तादो यांच्याशी त्यांचे पटले नाही आणि १९६७ च्या निवडणुकीपर्यंत पक्षाची दोन शकले झाली होती.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. कौलाने गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, हे खोटे : मतपत्रिकेवर राज्य हा पर्यायच नव्हता आणि गोवा राज्य झाले ते वीस वर्षांनी, ३० मे १९८७ रोजी. कौलाने कोंकणीला राजभाषा केले, हेही तसेच. भाषेविषयी एक अक्षर मतपत्रिकेवर नव्हते आणि राजभाषा कायदा १९८७ चा आहे. दमण आणि दीव यांच्यापुढेही महाराष्ट्राचाच प्रश्न होता असे काहींना वाटते. तेथील मतदाराला गुजरातविषयी विचारले होते. स्वतंत्र भारतातील हा एकमेव कौल, असे अभिमानाने सांगितले जाते, पण जुनागढमध्ये फेब्रुवारी १९४८ मध्ये आणि सिक्कीममध्ये एप्रिल १९७५ मध्ये सार्वमत झाले होते. गोव्याचे वेगळेपण एवढेच की भारतात आधीच सामील असलेल्या प्रदेशाला त्याच्या अंतर्गत स्थानाविषयी विचारले गेले.

आणि कौल जिंकल्यावर सिक्वेरा मुख्यमंत्री झाले, ही समजूत तर गोव्याबाहेर सर्रास आढळते. ते मुख्यमंत्री कधीच झाले नाहीत. १९७२ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाच्या जागा बारावरून दहावर आल्या आणि सत्तरचे दशक संपण्याआधीच तो पक्ष राष्ट्रीय पक्षांत विरून गेला. ज्या प्रश्नावर तो उभा होता तो प्रश्न १९६७ च्या जानेवारीतच सुटला होता, आणि कुळे, खाणी, रस्ते, शाळा या उरलेल्या प्रश्नांवर बांदोडकरांपेक्षा वेगळे असे त्याच्यापाशी सांगण्यासारखे फार थोडे होते.